जाळीच्या दाराचे खालचे दोन फूट



गेल्या श्रावणातल्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्जाचा अर्ज पुढे ठेवला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "धाकट्याला डेंग्यू झालाय, दवाखान्याचं बिल भरायचंय." कर्ज मंजूर करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पण वहीत नोंद करताना मागची पानं उलटली आणि आम्ही जरा थांबलोच. याच ताईंनी आदल्या दिवाळीत दाराला मच्छरजाळी बसवायला गटातून पैसे उचलले होते. त्याचे हप्ते अजून चालू होते.

बैठक संपल्यावर आम्ही चौघीजणी त्यांच्या घरी गेलो. मखमलाबादच्या बाजूला दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला लागून पाण्याचा ड्रम. दारात उभं राहून पाहिलं तर जाळी नवीकोरी. खाली बसून पाहिलं तेव्हा खरं काय ते कळलं. उजव्या कोपऱ्यात मांजर जाईल एवढं भोक, त्याच्या वर नखांच्या ओरखड्यांनी सुटलेले धागे, आणि मध्ये पोरांनी ढकलून ढकलून झोळीसारखा आलेला फुगा. चौकटीतलं रबर बाहेर लोंबत होतं. भोकात कुणीतरी पायपुसणं कोंबलं होतं. घरातली मोठी माणसं रोज त्या दारातून ये-जा करत होती, पण उभ्या माणसाची नजर तिथे जातच नाही.

पोराला डास घरातच चावला की अंगणवाडीत, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण जाळी लावली म्हणून ड्रमवर झाकण टाकायचं त्या विसरल्या होत्या, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग आम्ही गटातल्या बाकीच्या घरांची दारं पाहिली. जिथे जाळी होती तिथे बहुतेक ठिकाणी हीच गत. वरची जाळी शाबूत, खालचे दोन फूट गेलेले. म्हणून आज बोलणार आहोत ते या दोन फुटांबद्दल.

आधी डासाचं सांगतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास, पायावर पांढरे पट्टे असलेला, हा दिवसा चावतो. सकाळी ऊन चढण्याआधी आणि दुपार कलल्यावर त्याचा जोर जास्त. मलेरियाचा डास रात्रीचा, त्याला मच्छरदाणी पुरते. एडिस मात्र नेमका त्या वेळी येतो जेव्हा दार शंभरदा उघडतं, मिटतं. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आया सकाळीच द्राक्षबागेत जातात, घरी आजी आणि लहान पोरं, आणि दाराशी घुटमळणारं मांजर. म्हणजे जाळीची खरी परीक्षा दिवसा, आणि परीक्षा घेणारे सगळे दोन-अडीच फूट उंचीचे. हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायला सांगतात ते यासाठीच. जाळी कितीही चांगली असली तरी ड्रमच घराच्या आत असेल तर डास आतच जन्मतो, आणि जाळी त्याला बाहेर जाऊ देत नाही, एवढंच.

आता जाळीकडे. दुकानात "मच्छरजाळी द्या" म्हटलं की समोर येईल ते आपण घेतो. आम्हीही तेच केलं होतं. घेण्याआधी जाळीवर शाळेची पट्टी ठेवा आणि एका इंचात किती धागे येतात ते मोजा. नेहमीच्या चांगल्या जाळीत एका दिशेने १६ आणि दुसऱ्या दिशेने १८ धागे असतात. याहून विरळ असेल तर डास आत येऊ शकतो, आणि फार दाट असेल तर वारा अडतो. बागेतलं हिरवं शेडनेट किंवा पक्ष्यांसाठीची उरलेली जाळी दाराला लावू नका. आमच्या एका मैत्रिणीने पक्ष्यांची जाळी लावली होती, फुकट मिळाली म्हणून. डास आरपार जात होते आणि शेजारचं मांजराचं पिल्लू त्यात अडकून अर्धा तास ओरडत होतं.

फायबरची जाळी मऊ, गंजत नाही, स्वस्त पडते, पण नखाने धागा तुटतो. अॅल्युमिनियमची जाळी नखाला लगेच फाटत नाही, मात्र पोराचा गुडघा लागला की खळी पडते आणि ती खळी काही जात नाही. लोखंडी जाळी गंजते. चांगल्या स्टेनलेस स्टीलची सगळ्यांत टिकाऊ, पण महाग. कुत्र्यामांजरांच्या घरांसाठी जाड पॉलिस्टर धाग्याची, वरून प्लास्टिकचा लेप दिलेली जाळीही मिळते. ती ओरखड्यांना बरीच दाद देत नाही, फक्त उजेड आणि वारा थोडा कमी होतो. आमचं म्हणणं असं की पूर्ण दाराला महाग जाळी लावायची गरज नाही. दाराच्या मध्ये आडवी पट्टी टाकून दोन भाग करा. वर साधी फायबर, खाली जाड. फाटली तर फक्त खालचा तुकडा बदलायचा.

ही आडवी पट्टी फार कामाची. पोर दार कसं उघडतं ते एकदा नीट बघा. कडी त्याच्या हाताला येत नाही, म्हणून ते दोन्ही तळवे जाळीवर टेकवतं आणि अंगाचा भार टाकतं. त्याला रागावून काय होणार? त्याच्या हाताला ढकलायला काहीतरी कडक पाहिजे. पोराला दारासमोर उभं करा, हात कुठे टेकतात तिथे खूण करा, आणि पट्टी तिथेच बसवा. आतून ओढायला त्याच उंचीवर दोरीचा एक फास किंवा छोटी मूठ लावा. त्या ताईंच्या घरी हे केल्यावर फुगा पुन्हा आला नाही.

दुसरी गोष्ट, पोरांना जाळी दिसत नाही. उन्हातून पळत आलं की ते सरळ जाळीत घुसतं. आम्ही आधी टिकल्या लावल्या, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक ओळ. चार दिवस छान दिसल्या, मग उन्हाने डिंक सुटून टिकल्या जमिनीवर, आणि रांगतं बाळ त्या तोंडात घालायला लागलं. काढून टाकल्या. मग एका आजींनी बोथट सुई आणि लोकर घेतली आणि जाळीवरच टाके घालून हिरवा पोपट काढला. जाळीची घरं म्हणजे भरतकामाचं कापडच की. पोपट दोन वर्षांच्या नातवाच्या डोळ्यासमोर येईल असा काढलाय, आणि नातू आता दुसऱ्या पोरांना दाराला हात लावू देत नाही. लोकरीने जाळीची भोकं मोठी होणार नाहीत एवढं मात्र बघा, धागा ओढून ताणू नका.

आता मांजर. मांजर दाराला नखं मारतं ते आपल्याशी वैर म्हणून नाही. नखावरचं जुनं आवरण काढायला आणि पंजांचा वास ठेवून जागा आपली म्हणून सांगायला ते ओरबाडतं. त्याला ओरबाडायला दुसरं काही दिलं नाही तर ते दारच ओरबाडणार. बाभळीचा एक ओंडका घ्या, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा आणि दाराशेजारीच घट्ट उभा करा. हलता कामा नये, हलला की मांजर पुन्हा त्याच्याकडे जात नाही. उंची अडीच-तीन फूट तरी हवी, कारण मांजर अंग पूर्ण ताणून ओरबाडतं. आम्ही पहिला ओंडका दीड फुटाचा ठेवला आणि मागच्या पडवीत ठेवला. तिकडे ते मांजर फिरकलंसुद्धा नाही.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. आपल्या वस्तीतली निम्मी कुत्री कुणाच्या मालकीची नाहीत, पण सगळ्यांच्या ओळखीची. संध्याकाळी भाकरीचा तुकडा दारातून टाकायची सवय असते, मग कुत्रं त्याच दाराला पंजे मारतं. तुकडा टाकायची जागा दारापासून लांब, कंपाउंडच्या कोपऱ्यात नेली तर आठ-दहा दिवसांत कुत्रं तिकडे बसायला लागतं. आमच्याकडे तरी लागलं.

हे सगळं करूनही खालच्या भागाला आडोसा लागतोच. यात आम्ही दोनदा चुकलो. पहिल्यांदा साधं प्लायवूड लावलं. नाशिकचा पाऊस आणि रोजची फरशी पुसणं, दोन महिन्यांत ते फुगून आलं आणि दार घासायला लागलं. दुसऱ्यांदा कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणली. तिची कापलेली टोकं एका पोराच्या पोटरीला लागली, आणि ती आम्ही मच्छरजाळीला अगदी चिकटवून लावली होती, त्यामुळे मांजराची नखं तिच्या भोकांतून मागच्या जाळीपर्यंत पोचत होती. जाळी फाटली ती फाटलीच.

आता जे करतो ते असं. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश घ्यायची, कापलेली टोकं आत वळवून वर पट्टी ठोकायची, आणि मच्छरजाळी आणि वेल्डमेश यांच्यामध्ये इंचभर जाडीची लाकडी पट्टी ठेवून अंतर सोडायचं. नख आत आलं तरी जाळीला लागत नाही. मांजर बाहेर असेल तर बाहेरून आडोसा, आत असेल तर आतून. दोन्हीकडे असेल तर दोन्हीकडून. घराला समोरासमोर खिडकी असेल आणि वाऱ्याची अडचण नसेल तर खाली सरळ अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा एसीपीचा तुकडा लावा. स्लायडिंगची कामं करणाऱ्यांकडे असे उरलेले तुकडे पडलेले असतात, विचारलं तर कमी पैशात देतात. पण जी माणसं खाली अंथरूण टाकून झोपतात त्यांच्या घरी पत्रा नको. उन्हाळ्यात वारा जमिनीलगतच हवा असतो.

आडोशाने दाराचं वजन वाढतं. महिना-दोन महिन्यांत दार लोंबतं, बिजागरीचे स्क्रू सैल होतात आणि खाली बोटभर फट पडते. म्हणून मध्ये तिसरी बिजागरी आधीच बसवून घ्या. फट आहे की नाही ते रात्री बघायचं. आतला दिवा बंद करा आणि एकीला बाहेरून टॉर्च मारायला सांगा. जिथून उजेडाची रेघ आत येते तिथून डासही येतो. खालच्या फटीला ब्रशची पट्टी मिळते, नाहीतर रबराची. दार आपोआप मिटावं म्हणून स्प्रिंग लावतो, त्यात पोरांची बोटं चेंगरतात. जुन्या स्लिपरच्या तळव्याचा एक तुकडा चौकटीला चिकटवला की दार हळू टेकतं. बिजागरीच्या बाजूची फट मात्र यानेही झाकली जात नाही, तिथे बोट घालायचं नाही हे पोरांना शिकवावंच लागतं.

भाड्याच्या घरात मालक चौकटीला भोक पाडू देत नाही, मग वेल्क्रोची जाळी येते. ही वेल्क्रो एका स्विस इंजिनियरने शोधली. १९४१ मध्ये कुत्र्याला फिरवून आल्यावर त्याच्या अंगाला चिकटलेली गोखरूसारखी काटेरी बोंडं त्याने भिंगातून पाहिली आणि त्यावरून पुढे ही पट्टी केली, १९५५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. कुत्र्यापासून सुरू झालेली वस्तू आमच्याकडे मांजरापुढे हरते. खालचा कोपरा मांजर डोक्याने उचलतं आणि आत शिरतं. वेल्क्रो खिडकीला ठीक आहे, दाराला नाही.

मध्ये उघडणारी चुंबकाची पडदाजाळीही बाजारात असते. मांजर, कुत्रं, पोरं सगळी ढकलून जातात आणि ती मागे आपोआप मिटते, त्यामुळे फाटत कमी. पण तिच्या शिवणीत छोटे चुंबक असतात. शिवण उसवली आणि बाळाने दोन चुंबक गिळले तर ते आतड्यात एकमेकांना ओढून धरतात, आतडं मध्ये चिमटतं आणि त्याला भोक पडू शकतं. त्यामुळे दर आठवड्याला शिवणीवरून बोट फिरवा. सुटलेली दिसली तर त्याच दिवशी टाके घाला. चुंबक गिळल्याची शंका जरी आली तरी घरचे उपाय करत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. सिडकोकडच्या एका इमारतीत आमची एक मैत्रीण पहिल्या मजल्यावर राहते. गॅलरीच्या खिडकीला जाळी होती, गज नव्हते. खिडकीखाली दिवाण. तीन वर्षांची मुलगी दिवाणावर उभी राहून खाली भाजीची गाडी बघत होती आणि कपाळ जाळीला टेकलेलं. जाळी एका बाजूने चौकटीतून निघाली. आजी तिथेच लसूण सोलत बसल्या होत्या, त्यांनी फ्रॉक धरला. फ्रॉकची शिलाई उसवली, मुलगी वाचली. आजींनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

मैत्रिणींनो, ही जाळी चौकटीत फक्त एका रबराच्या दोरीवर असते. खाचेत जाळी ठेवायची आणि वरून रबर दाबायचं, एवढीच तिची पकड. तिचं काम डास अडवायचं आहे. पोराचं वजन ती पेलत नाही, मांजराचंही नाही. आणि जाळी लावली की आपल्यालाच वाटतं की खिडकी बंद आहे, तिथे खरा धोका. वरच्या मजल्यावर आधी गज, मग जाळी. दोन गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी हवं, म्हणजे लहान पोराचं डोकं आणि अंग जात नाही. आडवे गज नकोत, पोरं त्यावर शिडीसारखी चढतात. घरात एक तरी खिडकी अशी ठेवा की तिची ग्रील आतून उघडता येईल, आग लागली तर बाहेर पडायला. आणि खिडकीखालचा दिवाण, स्टूल, पाण्याचा ड्रम आजच सरकवा. याला एक पैसा लागत नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्या एका सदस्याचे यजमान अशी राहायची गाडी चालवतात, तर त्यांनीही हाच प्रश्न विचारला. गाडीच्या जाळीच्या दाराला जड आडोसा चालत नाही, हादऱ्याने स्क्रू सुटतात. तिथे पोरांच्या हाताच्या उंचीवर हलकी पट्टी आणि खाली काढता-घालता येणारा प्लास्टिकचा पत्रा बरा. गाडी चालू असताना बाहेरचं पक्कं दार बंदच हवं, जाळीवर भरवसा ठेवायचा नाही.

दुरुस्तीचं थोडं सांगतो. रबर खाचेतून निघालं म्हणजे जाळी गेली असं नाही. ते परत दाबता येतं, त्यासाठी छोट्या चाकाचा रोलर मिळतो. तो दिसतो अगदी करंजीच्या कातण्यासारखा, म्हणून आमच्यातल्या एकीने फराळाच्या डब्यातलं कातणंच आणलं. कातण्याला दाते असतात. एका फेरीत जाळी कापली गेली, चौकटीच्या कडेने सरळ रेषेत, फार सुबक. रोलर गटात एकच घेऊन ठेवा, सगळ्यांना पुरतो. रबर कडक होऊन चिरलं असेल तर मात्र नवीन घ्या, जाडी दाखवायला जुना तुकडा बरोबर न्या.

एखादा धागा तुटून बारीक भोक पडलं तर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा थेंब ठेवा, धागे पुढे सुटत नाहीत. मोठ्या भोकाला त्याच जाळीचं ठिगळ, चारी बाजूंनी इंचभर मोठं, नायलॉनच्या दोऱ्याने शिवायचं. महिन्यातून एकदा जाळी साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पुसा. धूळ बसली की वारा येत नाही, वारा आला नाही की घरातलं कुणीतरी दार उघडं टाकतं.

आणि घरात डेंग्यूचा ताप आलाच तर रोग्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डास काही दिवसांनी पुढच्याला देऊ शकतो. तापावर मनाने अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील त्या मापात. ताप उतरल्यावर पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, एकदम गळून जाणं असं काही दिसलं तर लगेच दवाखाना. ताप उतरला म्हणून त्या ताईही निर्धास्त झाल्या होत्या, आणि पोराला भरती करावं लागलं ते त्यानंतर.

पोरगा आता बरा आहे. दोन्ही कर्जांचे हप्ते चालू आहेत. दाराचे खालचे दोन फूट आम्ही एका रविवारी बसून नव्याने केले, पट्टी, वेल्डमेश, तिसरी बिजागरी, सगळं. ड्रमला झाकण आहे. मांजर ओंडक्यावर नखं घासतं आणि दार उघडेपर्यंत बाहेर ओरडतं. कुणाला पाहायचं असेल तर बैठकीच्या दिवशी या. जाळी मोजायला पट्टी घरून आणा, आमची कुणीतरी नेली आहे.